तीन नंबरची शाळा

तारापेठेत एकेकाळी नगरपरिषदेच्या शाळेत पोर घालायचं म्हणजे आईबापांनी हात टेकले, असं लोक धरून चालायचे. ज्याची थोडीफार ऐपत असेल त्याची मुलं टाय लावून, पिवळ्या बसमधून गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेत जायची. मग 'अंकुर' आलं आणि दोन-तीन वर्षांत सगळं उलटंपालटं झालं. हे औषध खासगी शाळांना द्यायचं नाही, फक्त सरकारी शाळांतल्या हुशार मुलांच्या 'प्रज्ञा' वर्गांना द्यायचं, असा निर्णय झाला. पिवळ्या बस गंजत पडल्या. आणि ज्या तीन नंबरच्या शाळेच्या भिंतीला लोक सायकली टेकवून मंडईत जायचे, तिथं प्रवेशाच्या दिवसांत मोटारी लावायला जागा मिळेना.

स्नेहल चौगुले दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दोन नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिची कामाची सवय घरातही उतरली होती. तेव्हा मुलीची, ऋजुताची, हुशार मुलांच्या चाचणीत निवड झाली, तशी तिनं दोन दिवस रजा काढली. गावात हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग दोनच शाळांत होता. तीन नंबरला, आणि पाण्याच्या टाकीमागं असलेल्या नऊ नंबरला. दोन्ही शाळा डोळ्यांनी बघून मगच ठरवायचं, असं तिनं नवऱ्याला सांगितलं.

भरतेश बस डेपोत चार्जिंगचं काम बघायचा. तो म्हणाला, "बघायचंय काय त्यात? अख्खं गाव तीन नंबरसाठी भांडतंय."

"गाव भांडतंय म्हणून आपण नको भांडायला. मी बघून येते."

तीन नंबरला दुसरीतली पोरं अपूर्णांकांची गणितं सोडवत होती. दिवाळीनंतर सुरू केलेलं कन्नड ती घडाघडा वाचत होती. वर्गात गोंगाट नव्हता, पण भीतीही नव्हती. मुलांचे डोळे लखलखीत होते. मुख्याध्यापकांनी स्नेहलला खुर्ची दिली आणि समजावलं.

"मेंदूत, दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, शेंगेएवढा एक भाग असतो. आपण जे नवं शिकतो ते आधी तिथं उमटतं. तान्ह्या बाळाच्या मेंदूत त्या भागात नव्या पेशी भराभर जन्मतात, म्हणून बाळ दोन वर्षांत एक अख्खी भाषा शिकतं. पुढं तो वेग मंदावतो. अंकुर तो वेग परत आणतं. प्रार्थनेनंतर नाकात एकेक थेंब. चार वर्षं द्यायचं, मग बंद. बाकी शिकवायचं आम्हीच."

"आणि त्रास?"

"अगदी लहानपणचं थोडं पुसट होतं. तसं ते सगळ्यांचंच होतं की. तुम्हाला आठवतंय का तिसऱ्या वर्षीचं काही?" ते हसले. मग सहज म्हणाले, "एक फायदा मात्र सगळे पालक सांगतात. पोरं गाढ झोपतात."

स्नेहलनं मान वर केली. त्या दिवशी तिनं ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत ती एकच तिच्या मनात रुतून बसली.

नऊ नंबरला ती ऋजुताला घेऊन गेली. पत्र्याचं छप्पर, तीन खोल्या, आणि कमते बाई. बाई पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज खणखणीत. त्यांच्या 'जिज्ञासा वर्गा'त थेंब नव्हते. पालकांच्या सभेत बाईंनीच ते नाकारले होते, आणि तेव्हापासून वर्गाची पटसंख्या घसरत चालली होती. स्नेहल गेली तेव्हा ओली वाळू जड की कोरडी यावरून वर्गात दोन तट पडले होते. एक पोरगा रडकुंडीला आला होता. बाई उत्तर सांगत नव्हत्या. घमेल्यात वाळू होती, शेजारी पाण्याची बादली, आणि सगळी मुलं त्याभोवती कोंडाळं करून उभी होती. ऋजुता तेवढी भिंतीला चिकटून उभी राहिली. तिच्या उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली होती.

बाईंनी ते पाहिलं. मधल्या सुट्टीत त्या स्नेहलजवळ येऊन बसल्या.

"मूठ सोडत नाही का ती?"

"झोपेतसुद्धा नाही," स्नेहल म्हणाली. मग तिला सांगावंच लागलं. "हिला मोठा भाऊ होता. सन्मती. नऊ वर्षांचा होता. गेल्या वर्षी दोघं कालव्याच्या काठी खेळत होती. त्याचा पाय घसरला. हिनं त्याचा हात धरला होता."

बाईंनी ऋजुताच्या मुठीकडं पाहिलं. दूर मैदानात पोरं ओरडत होती.

"माझ्याकडं पाठवा तिला," त्या म्हणाल्या. "घाई नाही करायची. होईल हळूहळू."

हळूहळू. स्नेहलला तोच शब्द सोसवेना. तिनं वर्षभर हळूहळूच पाहिलं होतं. पोर किंचाळत उठायची, घामानं भिजलेली, आणि एकच म्हणायची, "आई, माझा हात सुटला." त्याचा हात सुटला, असं नाही. माझा हात.

तिनं तीन नंबरला प्रवेश घेतला. शेजारणींना वाटलं, अभ्यासासाठी. तिनंही तसंच वाटू दिलं.

जुलैत थेंब सुरू झाले आणि गणपतीपर्यंत ऋजुता बदलली. ती रात्रभर झोपू लागली. पाढे तर केव्हाच मागं पडले. आता ती भरतेशला डेपोतल्या बॅटऱ्यांबद्दल असे प्रश्न विचारायची की तो साहेबांना विचारून येतो म्हणायचा. जेवताना बडबड, अंघोळीला गाणी. एक दिवस स्नेहलच्या लक्षात आलं की पोर दोन्ही हातांनी भाकरी मोडते आहे. तिनं स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले. भरतेश मागून आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. सन्मती गेल्यापासून तो पहिल्यांदाच असा जवळ आला होता. मुलगा गेल्यावर आठवड्याच्या आत त्यानं त्याची सायकल, दप्तर, कपडे सगळं उचलून कुणाकुणाला देऊन टाकलं होतं. घरात त्याचं नावही घ्यायचं नाही, असा जणू दंडक होता.

त्यामुळं सन्मतीबद्दल बोलायला स्नेहलला एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे ऋजुता. संध्याकाळी कणीक मळताना पोर ओट्यावर चढून बसायची आणि दादाच्या गोष्टी सांगायची. दादानं पालींना नावं ठेवली होती. डब्यातली भेंडी तो दप्तराच्या खणात लपवायचा आणि परत येताना गाईला घालायचा. आंब्याची कोय घासून पिपाणी करायचा आणि शाळेमागं जाऊन वाजवायचा. यातलं कितीतरी स्नेहलला माहीतच नव्हतं. गेलेल्या पोराची अशी नवी नवी खबर मिळायची, तेव्हा तिला वाटायचं, तो अजून पुरता गेलेला नाही. कुठंतरी आहे आणि अधूनमधून निरोप धाडतोय.

नवरात्रात एकदा तिनं हाक मारली, "ढबू, ताट घे गं."

ऋजुता हसली. "ढबू? असं काय म्हणतेस मला? मी काय मिरची आहे?"

"दादा म्हणायचा की तुला."

"हो?" ऋजुता म्हणाली आणि ताटं मांडू लागली.

स्नेहलच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या नावावरून या पोरीनं किती वेळा रडून घर डोक्यावर घेतलं होतं! तिनं पालींचं विचारलं. भेंडीचं विचारलं. पिपाणीचं विचारलं. प्रत्येक वेळी ऋजुता डोळे बारीक करून आठवायचा प्रयत्न करी, आणि आईला बरं वाटावं म्हणून म्हणे, "असेल."

जिल्ह्याच्या रुग्णालयात अंकुरच्या मुलांना तपासणाऱ्या डॉक्टर देशिंगकर होत्या. स्नेहल दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासमोर जाऊन बसली. डॉक्टर तरुण होत्या, पण उडवाउडवी करणाऱ्या नव्हत्या.

"आठवण म्हणजे रानातली पायवाट समजा," त्या म्हणाल्या. "पेशी एकमेकींशी जोडल्या जातात, त्या वाटा. थेंबांनी काय होतं, तर रानात नवं गवत जोरात उगवतं. त्यातून शिकायला नव्या वाटा पाडणं सोपं जातं. पण जुन्या वाटांवर जर रोजची वर्दळ नसेल, तर त्या झाकल्या जातात. अक्षरं, आकडे, तुम्ही, घर, हे रोज पायाखाली आहे, ते जात नाही. दीड-दोन वर्षांपूर्वीचं, पुन्हा न घडणारं, ते जातं. बहुतेक मुलांचं काय जातं? एखादी सहल, एखादा वाढदिवस. पालकांच्या लक्षातही येत नाही."

"माझ्या मुलीचा भाऊ जातोय."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"थेंब थांबवले तर?"

"उरलंय तेवढं राहील. बहुतेक कायमचं. गेलेलं मात्र परत येणार नाही."

"मी सांगत राहिले तर? रोज? त्याच्या गोष्टी?"

"सांगा. तिला त्या माहीत होतील." डॉक्टर जरा घुटमळल्या. "पण माहीत असणं आणि आठवणं यात फरक असतो. तो तुमच्या लक्षात येईल."

घरी आल्यावर तिनं भरतेशला सगळं सांगितलं. तो बूट काढत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग विसरू दे."

"काय म्हणालास?"

"विसरू दे म्हटलं. पोरगी झोपतेय, हसतेय. आणखी काय पाहिजे तुला?"

"तो तिचा भाऊ होता, भरतेश! तूच त्याची सायकल देऊन टाकलीस, आता तिच्या डोक्यातनंही काढून टाक. म्हणजे झालं. कधी नव्हताच तो."

"मी विसरलोय, असं वाटतंय तुला?" तो अगदी हळू म्हणाला. "डेपोतनं घरी येताना कालव्याचा रस्ता टाळून किती लांबनं येतो मी, माहितेय? मला तरी कोण थेंब देणार आहे, स्नेहल?"

एक बूट पायात, एक हातात, तसाच तो बसून राहिला.

स्नेहलनं सांगायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी, कणीक मळताना. आता बोलायची ती आणि ऐकायची ऋजुता. पालींची नावं, भेंडी, कोयीची पिपाणी. आठवडाभरानं तिनं विचारलं, "सांग बघू, दादा काय काय करायचा?"

ऋजुता ओट्यावरून खाली उतरली. वर्गात उत्तर द्यायला उभी राहते तशी ताठ उभी राहिली. "माझ्या दादाचं नाव सन्मती. तो चौथीत होता. त्याला भेंडी आवडत नसे. तो भेंडी गाईला घालत असे. तो आंब्याच्या कोयीची पिपाणी करत असे." तिनं आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "एक राहिलं का?"

"नाही गं," स्नेहल म्हणाली. "सगळं बरोबर आलं."

दुसऱ्या दिवशी ती कमते बाईंकडं गेली. बाई फळा पुसत होत्या.

"बाई, दिवाळीनंतर घ्याल का तिला?"

"घेईन की. तिची जागा तशीच आहे." बाईंनी कारण विचारलं नाही. स्नेहलनं आपणहून सांगितलं. बाई फडकं हातात धरून ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "एक विचारते, रागावू नका. तिला अजून काय आठवतंय, ते विचारलंत का तिला? तुम्ही न सांगितलेलं?"

नव्हतं विचारलं. भीतीच वाटली होती.

त्या दुपारी मायलेकी अंगणात, कुरडया वाळत घालाव्यात तशा कागदी आकाशकंदिलाच्या पट्ट्या मांडून बसल्या होत्या. स्नेहलनं डिंकाची वाटी बाजूला ठेवली.

"ऋजू, मी सांगते त्या गोष्टी सोड. तुला स्वतःला दादाचं काय आठवतं?"

ऋजुताचा हसरा चेहरा बघता बघता मिटला. तिनं उजवा हात पाठीमागं नेला.

"हात."

"अजून?"

"गार होता. पाणी होतं. तो घसरत होता, आणि मी..." तिची मूठ आवळली गेली. "आई, त्याचं तोंड नाही गं आठवत. नुसता हातच आठवतो. माझ्याकडनं सुटला ना तो?"

"नाही बाळा. तू एवढीशी होतीस. पाणी जोराचं होतं." हे तिनं शंभरदा सांगितलं होतं. शंभरदा ते पोरीच्या कानावरून वाहून गेलं होतं.

ऋजुताला कुशीत घेऊन ती बसून राहिली आणि तेव्हा तिला डॉक्टरांचं बोलणं नीट कळलं. ज्या वाटेवर रोजची वर्दळ, ती वाट सगळ्यात शेवटी झाकली जाणार. आणि पोर वर्षभर रोज रात्री एकाच वाटेनं गेली होती. पिपाणी गेली, पाली गेल्या, भावाचा चेहरा गेला. कालवा तेवढा राहिला. आता थेंब थांबवले तर डॉक्टर म्हणाल्या तसं उरलंय तेवढं राहील, कायमचं. सन्मती राहणार नाही. राहील फक्त एक गार हात, आणि तो आपण सोडला हे दुःख. वीस वर्षांची झाली तरी, चाळिशीची झाली तरी.

थेंब चालूच ठेवले तर कालवाही जाईल का, असं तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. चालू ठेवलं तर उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल. पण मी तुम्हाला असं करा, असं सांगू शकत नाही. कुणालाच सांगता येणार नाही."

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद. थेंबांची बाटली घरी आलेली. सुट्टीत थेंब घालायचं काम आईबापांचं. एरवी हे शाळेत व्हायचं, आपल्या डोळ्यांआड. आता रोज सकाळी बाटली स्नेहलच्या हातात असणार होती.

पहिल्या सकाळी भरतेश म्हणाला, "मी घालू का?"

"नको," ती म्हणाली. "मीच घालते."

तिनं ऋजुताचं डोकं मांडीवर घेतलं. पोरीनं शहाण्यासारखे डोळे मिटले. स्नेहलनं मनातल्या मनात मुलाचं नाव घेतलं, त्याच्याकडं माफी मागितली, आणि थेंब सोडला. दुसऱ्या दिवशीही तसंच. सुट्टी संपेपर्यंत तिनं एकही सकाळ चुकवली नाही. संध्याकाळच्या गोष्टी तिनं बंद केल्या. घरात दंडक होता तो होताच, आता तिनंही तो पाळायला सुरुवात केली. कणीक मळताना ऋजुता ग्रहांबद्दल, मुंग्यांबद्दल बोलायची आणि ती हुंकार भरायची.

नऊ नंबरला जाऊन तिनं कमते बाईंना सांगितलं, "जागा दुसऱ्या कुणाला द्या." बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात ऋजुतानं पोहायला शिकायचा हट्ट धरला. नगरपरिषदेच्या नव्या तलावावर तिचं नाव घातलं. पहिल्या दिवशी दोघंही रजा काढून गेले. पोरगी बुजेल, किंचाळेल, म्हणून भरतेश टॉवेल घेऊन अगदी काठाशी उभा राहिला होता. ऋजुतानं नाक चिमटीत धरलं आणि धाडकन उडी मारली. वर आली ती खिदळतच.

पायऱ्यांवर स्नेहलच्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. त्यांची दोन मुलं पाण्यात होती. ऋजुता काठाला धरून दम खात होती, तिला त्या कौतुकानं म्हणाल्या, "भारीच धीट आहेस गं! भाऊबहीण कुणी आहे का तुला?"

"नाही, काकू. मी एकटीच." ऋजुतानं दोन्ही हात उघडे करून वर दाखवले, पाणी निथळणारे, आणि मागं रेलून पुन्हा पाण्यात गेली.

त्या बाईंनी स्नेहलकडं वळून पाहिलं. "एकच का तुम्हाला?"

स्नेहलचे ओठ हलले. मग तिनं मान डोलावली. "हो. एकच."

बाई उठून आपल्या मुलांकडं गेल्या. भरतेश काठावरून आला आणि तिच्याजवळ पायरीवर बसला. त्यानं सगळं ऐकलं होतं. टॉवेल त्याच्या मांडीवर होता आणि तो त्याचं टोक पिळत होता, कोरडंच.

"सनूला," तो म्हणाला. दीड-दोन वर्षांत ते नाव त्याच्या तोंडून आलं नव्हतं, त्यामुळं आवाज चिरकला. "सनूला मी शिकवणार होतो पोहायला. त्या मे महिन्यात. डेपोत माणसं कमी होती म्हणून रजा नाही काढली."

स्नेहलनं त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो थांबला असता.

"तो मला काय म्हणायचा, ठाऊक आहे?" भरतेश पुढं म्हणाला. "म्हणायचा, पप्पा, मासे पाण्यात घाम पुसतात कसा?"

"मला नव्हतं सांगितलंस कधी."

"नाही सांगितलं."

"अजून सांग," स्नेहल म्हणाली.

तो सांगू लागला. हलक्या आवाजात, एकेक आठवून. त्याच्याकडं कितीतरी होतं. डेपोत नेलं तेव्हा बसच्या चालकाच्या जागेवर बसून सन्मतीनं सगळ्या थांब्यांची नावं घेतली होती ते, पावसाळी चपला उलट्या घालून चालायचा ते. एवढे दिवस त्यानं ते कुठं ठेवलं होतं कोण जाणे. मध्येच स्नेहलही काही सांगायची. दोघांचे गुडघे एकमेकांना टेकले होते. दोघंही पाण्याकडं बघत बोलत होते, दुरून कुणाला वाटावं की मुलीच्या पोहण्याबद्दलच चाललंय.

शिक्षकांनी शिट्टी वाजवली. ऋजुता पाण्याबाहेर आली, कुडकुडत, हसत, पायऱ्या चढू लागली. ती ऐकू येण्याइतकी जवळ आली तसे दोघंही गप्प झाले. भरतेशनं टॉवेल उघडला आणि तिला त्यात गुंडाळून घेतलं.

"कशाबद्दल बोलत होता?" तिनं विचारलं.

"काही नाही," स्नेहल म्हणाली. "केस पूस आधी."